पुस्तकात अडकलेल्या वाचकाने परत यावे का?

सुरसागरकाठ
नमस्कार मंडळी. गेले दीड वर्ष मी एक अद्भुत प्रेमकथा लिहीत आहे आणि शेवटच्या दोन प्रकरणांपाशी येऊन थांबले आहे. येथे मनापासून वाचणारी माणसे आहेत, म्हणून माझी अडचण आपल्यापुढे ठेवते.

कथेची नायिका रेवा बडोद्याची आहे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जुन्या मराठी पुस्तकांची यादी करण्याचे तात्पुरते काम तिला मिळाले आहे. ज्यांनी ती इमारत आतून पाहिली आहे त्यांना तेथील लोखंडी मांडण्या आणि मजल्यांमधली काचेची जमीन आठवत असेल. वरच्या खिडक्यांचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा म्हणून ती काच घातलेली आहे. वर कोणी चालले की त्याची सावली खालच्या माणसाच्या अंगावर सरकत जाते. एका संध्याकाळी रेवाच्या हातातल्या उघड्या पानावर अशी एक सावली येऊन थांबते. ती वर पाहते, तर वर कोणीही नसते. पुन्हा पानाकडे वळते तेव्हा ती ग्रंथालयात उरलेली नसते.

ते पुस्तक माझ्या कल्पनेतले आहे. 1861 साली 'मुक्तामाला' आल्यानंतर मराठीत राजपुत्र, कपटी प्रधान, भुयारे आणि वियोग यांनी भरलेल्या ज्या अद्भुत कादंबऱ्यांची लाट आली, तिच्यातलीच ही एक, असे मी धरले आहे. मुखपृष्ठ गेलेले, लेखकाचे नाव नाही, पान 224 नंतरचा शेवटचा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून शिवलेल्या पानांचा गठ्ठा, गळालेला. रेवा ज्याच्या प्रेमात पडते तो राजपुत्र नाही. तो राजपुत्राची पत्रे लिहिणारा चिटणीस भार्गव आहे. राजपुत्राचे लग्न व्हावे म्हणून एक पत्र पोहोचवताना तो पान 212 वर मारला जातो, आणि लेखक त्याला अडीच ओळी देऊन पुढे जातो. रेवाने ते पान आत ओढली जाण्याआधीच वाचलेले आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. ज्याचे बोलणे कोणीतरी आधीच लिहून ठेवले आहे, त्याचे प्रेम खरे मानावे का? आणि रेवाने शेवटी परत यावे, की तेथेच राहावे?

मोगरा_बाबाजीपुरा
परत येऊ नये. दीड वर्ष लिहून तिला पुन्हा याद्या करायला बसवू नका, ताई.

जुनी_नोंदवही
मी चौतीस वर्षे एका ग्रंथालयात काम करून निवृत्त झालो. ते कोणते, हे येथे महत्त्वाचे नाही. काचेच्या जमिनीचे वर्णन वाचून आनंद झाला, कारण बडोद्यातल्या बडोद्यातही अनेकांनी ती पाहिलेली नाही.

दोन गोष्टी सुचवतो. पहिली पानांची. सोळा पानी फॉर्मा धरला तर 224 पाने म्हणजे बरोबर चौदा फॉर्मे होतात, म्हणजे हिशेब आपण नीट केला आहे. भार्गव ज्या पानावर मरतो ते 212 वे पान चौदाव्या फॉर्म्यात येते, कारण तो 209 पासून सुरू होतो. तो त्या पानावरून जिवंत पुढे सरकला, तर त्याच्यापुढे छापलेली केवळ बारा पाने उरतात. पुढे शिवणीचा तुटका दोरा आहे, आणि त्यापलीकडे काहीही लिहिलेले नाही. आपल्या कथेचा सगळा जीव मला त्या बारा पानांत दिसतो.

दुसरी गोष्ट वातावरणाची. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, आणि जेथे वाचनालय नाही तेथे लाकडी पेट्यांतून जाणारी फिरती पुस्तकालये असा तो विस्तार होता. त्याआधी 1906 साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे झाले होते, आणि ते मुलींनाही लागू होते. रेवाच्या हातातले पुस्तक या सगळ्याच्या आधीचे आहे. त्या पुस्तकातल्या स्त्रिया पत्रे पाठवतात, परंतु ती भार्गवाकडून लिहून घेतात. अशा जगात स्वतः वाचू शकणारी बाई येऊन उभी राहिली, तर भार्गवाला तिच्या रूपाआधी याच गोष्टीचे नवल वाटेल. ही पत्र सांगते, तो लिहितो, आणि त्याने काय लिहिले ते ही वाचून तपासते! असे त्याच्या आयुष्यात कोणी केलेले नसेल.

सुरसागरकाठ
काका, पत्र तपासण्याचा प्रसंग माझ्याकडे नव्हता. तो मी घेते.

निळी_शाई
कथा आवडली, परंतु पहिल्या प्रश्नाबद्दल माझा स्पष्ट आक्षेप आहे, आणि या प्रकारच्या बहुतेक सर्व कथांना तो लागू होतो. भार्गवाचे शब्द कोणीतरी लिहिले आहेत, ही अडचण मला दुय्यम वाटते. आपण सगळेच घरात ऐकलेल्या, शाळेत शिकलेल्या, दुसऱ्याच्या शब्दांनीच प्रेम व्यक्त करतो. खरी अडचण अशी आहे की रेवाला त्याचे सगळे माहीत आहे आणि त्याला तिचे काहीच माहीत नाही. त्याचे बालपण, त्याची भीती, त्याने कोणाला न दाखवलेली पत्रे, त्याच्या मरणाचे पान, हे सगळे ती वाचून आलेली आहे. अशा अवस्थेत ती त्याच्याजवळ गेली, तर तो निवडतो असे कसे म्हणावे? ती योग्य वेळी योग्य शब्द बोलेल आणि तो विरघळेल, कारण कोठे विरघळतो ते तिने पान 87 वर वाचले आहे.

माझ्या मते रेवाने एक तरी गोष्ट केली पाहिजे. तिने ते पुस्तक त्याच्या हातात द्यावे. त्याने स्वतःचे मरण वाचावे, आणि त्यानंतरही त्याला तिच्याशी बोलावेसे वाटले, तर ते प्रेम मी मानेन.

फतेगंज_वसतिगृह
निळी शाई, आपला मुद्दा पटला. मी विद्यापीठात शिकतो आणि या प्रकारच्या चिनी, कोरियन आणि जपानी जालकादंबऱ्या गेली काही वर्षे वाचतो आहे, म्हणून थोडी भर घालतो.

चिनी वाचकांनी या प्रकाराला 'छुआन-शू' असे स्वतंत्र नाव दिले आहे. त्याचा अर्थ पुस्तकात शिरणे असा होतो. वाचक बहुधा नायिकेच्या देहात जागा होत नाही. जे पात्र लवकर मरणार आहे, किंवा जिचा सगळे तिरस्कार करतात अशी खलनायिका आहे, तिच्या देहात तो जागा होतो. पुढे काय होणार याचे ज्ञान हे त्याचे एकमेव भांडवल असते. या प्रकारातला मला सर्वांत आवडणारा नियम असा की ते भांडवल वापरले की संपते. वाचकाने एक घटना बदलली की पुढची पाने खोटी ठरू लागतात, आणि जो सर्वज्ञ म्हणून आला होता तो हळूहळू इतरांसारखाच अडाणी होतो.

हे आपल्या कथेला लावून पाहा. रेवाने भार्गवाला पान 212 वर वाचवले, त्या क्षणी तिचे वाचन कालबाह्य झाले. उरलेल्या बारा पानांवर त्या दोघांनाही सारखेच अज्ञान असेल. निळी शाई यांना हवी असलेली समानता तेथे आपोआप येते. मग पुस्तक त्याच्या हातात देण्याची गरज उरत नाही, असे मला वाटते.

निळी_शाई
गरज उरते. जीव वाचवून घेतलेल्या माणसाच्या मनात कृतज्ञता असते, आणि कृतज्ञता व प्रेम यांतला भेद त्याला स्वतःलाही लगेच कळत नाही. म्हणून पुस्तक त्याच्या हातात पान 212 च्या आधी पडले पाहिजे.

आरण्यक
मी संस्कृत शिकवतो. ही चर्चा वाचताना दोन जुन्या कथा सारख्या डोळ्यांसमोर येत आहेत, आणि दोन्ही या धाग्याच्या पोटातल्या आहेत.

पहिली महाभारताच्या वनपर्वातल्या दमयंतीची. स्वयंवरात तिच्यापुढे सारखे दिसणारे पाच नल उभे राहतात; त्यांतले चार देव आहेत. तिच्या प्रार्थनेने देव आपली चिन्हे प्रकट करतात. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, अंगावर धूळ बसत नाही, आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. खऱ्या नलाची माळ मलूल झालेली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, आणि त्याची सावली पडते. दमयंती त्या सावलीच्या माणसाला माळ घालते. आता आपल्या पहिल्या परिच्छेदाकडे पुन्हा पाहा. रेवाला भार्गव प्रथम कशाने भेटला? सावलीने. आपण हे जाणून लिहिले असो वा नसो, उत्तर तेथेच आहे. अद्भुत कादंबऱ्यांमधले राजपुत्र कोसकोस घोडा फेकूनही ताजेतवाने असतात. लेखकाने ज्याला घाम दिला नाही अशा भार्गवाच्या कपाळावर रेवाला एके दिवशी घाम दिसावा. ती ओळ पुस्तकात नसावी. तिने सगळे पुस्तक आठवून पाहावे आणि ती कोठेही सापडू नये.

दुसरी कथा योगवासिष्ठ या संस्कृत ग्रंथातल्या लीलेची. राणी लीला सरस्वतीकडे वर मागते की पती मेल्यावर त्याचा जीव या मंडपाबाहेर जाऊ नये. राजा पद्म मरतो, आणि तिला कळते की त्याच मंडपाच्या आकाशात एक संपूर्ण जग आहे, आणि तेथे तो विदूरथ नावाने राज्य करीत आहे. सरस्वतीबरोबर ती त्या जगात जाते, तर तेथे त्याची राणी म्हणून दुसरी लीला आहे. येथे आपल्या विषयाचा सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो, कारण दुसरी लीला खोटी आहे असे ग्रंथ म्हणत नाही. अखेरीस पद्म उठतो आणि दोन्ही लीला त्याच्यासोबत राहतात. जी बाहेरून आली ती आणि जी आतच होती ती, दोघींनाही सारखाच जीव आहे. म्हणून 'लिहिलेला माणूस खरा का' हा प्रश्न विचारताना बाहेरच्या माणसाला आपण फुकटच खरे धरून चालतो, एवढे ध्यानात असावे.

चैत्रांगण
आरण्यक सरांनी दमयंती आणली, म्हणून मी आमच्या बडोद्याची ओखा आणते. माझे बालपण वाडी भागात गेले. चैत्रात शेजारच्या गुजराती घरांत ओखाहरण वाचले जाई, आणि आम्ही मराठी मुलीही जाऊन बसत असू. ते आख्यान रचणारे प्रेमानंद सतराव्या शतकात याच शहरात होऊन गेले. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या माणावर, म्हणजे घड्यावर, ताल धरून आख्याने सांगणारे माणभट्ट मी लहानपणी ऐकले आहेत, आणि तो आवाज अजून कानांत आहे.

ओखा, म्हणजे बाणासुराची मुलगी उषा, स्वप्नात एका पुरुषाला पाहते आणि त्याच्यावाचून झुरू लागते. तिची सखी चित्रलेखा देवांची, गंधर्वांची, माणसांची चित्रे एकामागून एक काढत जाते. प्रद्युम्नाचे चित्र आले तेव्हा उषा लाजते, कारण तो होणारा सासरा आहे. त्यानंतर अनिरुद्धाचे चित्र येते, आणि ती सांगते, हाच. मग चित्रलेखा द्वारकेला जाते आणि झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून आणते. लहानपणी मला यात फक्त आनंद दिसे. निळी शाई यांचा आक्षेप वाचल्यावर आज प्रथमच मनात आले की त्याला कोणी विचारले नव्हते. तो झोपेत होता. रेवाही अशीच न विचारता ओढली गेली आहे. पुस्तकाने तिला विचारले नाही, हा राग तिला कथेत कोठेतरी येऊ द्या. प्रेमात पडलेल्या बाईला राग येत नाही असे फक्त जुन्या कादंबऱ्यांत असते.

मोगरा_बाबाजीपुरा
माझा एक सरळ प्रश्न राहिला आहे. रेवाने ते पुस्तक घरी नेण्यासाठी घेतले होते का? घेतले असेल, तर परत करण्याची तारीख उलटल्यावर घरी पत्र येईल, आणि ते तिची आई उघडेल.

जुनी_नोंदवही
मोगराताई, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यादीत घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. रेवा अडकली तेव्हा तो क्रमांक तिने लिहिला होता की नव्हता, यावर बरेच अवलंबून आहे. लिहिला असेल तर त्या पुस्तकाचा शोध घेतला जाईल. लिहिला नसेल, तर ते पुस्तक ग्रंथालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, आणि त्याच्याबरोबर तीही नाही. मी असतो तर तिच्या अक्षरात अर्धवट लिहिलेला क्रमांक ठेवला असता: चार आकडे झालेले, पाचवा राहिलेला.

रावपुरा_वाडा
या धाग्यावर लिहावे की नाही असा दोन दिवस विचार केला. माझ्या आजीची गोष्ट आहे.

आमच्या वाड्यात एक जुनी कादंबरी होती, आणि तिची शेवटची पाने कसरीने खाल्ली होती. आजी लग्न होऊन आली तेव्हापासून ती तशीच होती. आजी ती पुन्हा पुन्हा वाचायची, आणि आम्हां नातवंडांना सांगताना शेवट स्वतःचा जोडायची. मला सांगितलेला शेवट आणि माझ्या चुलत बहिणीला सांगितलेला शेवट वेगळे होते, आणि त्यावरून आम्ही दोघी भांडलो आहोत. मला लग्नाचा शेवट मिळाला होता; तिला असा, की नायिका काशीला जाऊन शाळा काढते.

आजी सत्तरीला आली तेव्हा वडिलांनी त्याच पुस्तकाची पूर्ण प्रत एका वाचनालयातून मिळवून आणली. तिने दुपारी बसून शेवट वाचला. नायिका नदीत उडी घेते, असा तो शेवट होता. आजी दोन दिवस जेवताना कोणाशी बोलली नाही. पुस्तक परत करायला नेताना वडिलांना दिसले की शेवटच्या पानाच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिले होते: 'असे झाले नाही. मला माहीत आहे.' वडिलांनी ते खोडले नाही.

मी आज आजीच्या वयाच्या जवळ आले आहे आणि मला वाटते, पन्नास वर्षे ती त्या पुस्तकातच राहात होती. ती आमच्यासाठी पोळ्या करीत होती, आजारपणे काढीत होती, आणि तरीही तेथे होती. म्हणून रेवाने परत यावे की राहावे या प्रश्नात मला 'किंवा' दिसत नाही. तिच्यासारखी माणसे दोन्हीकडे राहतात. त्याची किंमत त्यांना मोजावी लागते, आणि ती घरातल्या इतरांनाही थोडी मोजावी लागते. आजी कधीकधी हाक मारली तरी ऐकत नसे.

आरण्यक
आपल्या आजींना नमस्कार.

जुनी_नोंदवही
ग्रंथालयाचा माणूस म्हणून पुस्तकात लिहिणाऱ्यांवर मी आयुष्यभर रागावलो. तरीही खरे सांगतो, परत आलेली पुस्तके तपासताना मी समासातल्या नोंदी वाचत असे. 'खोटे', 'वा!', 'सासूबाई अशाच', एका ठिकाणी फक्त एक तारीख. अनोळखी माणसांचे ते आवाज मला शाईच्या मजकुरापेक्षा अधिक जवळचे वाटत.

सुरसागरकाठ, आपल्याला विचारतो: त्या पुस्तकाच्या समासात आधीच्या वाचकांनी काही लिहिलेले आहे का? असेल, तर आतल्या जगात ते रेवाला कसे दिसते?

फतेगंज_वसतिगृह
काका, ही फार मोठी गोष्ट हाती लागली आहे. मी वाचलेल्या एकाही छुआन-शू कथेत मला ती भेटलेली नाही. समास म्हणजे छापील मजकुराच्या बाहेर, परंतु कागदाच्या आत. तेथे लेखकाचे राज्य चालत नाही. भार्गव जर समासात पाऊल ठेवू शकला, तर तो लेखकाच्या हाताबाहेर गेला.

निळी_शाई
आणि तो चिटणीस आहे. या सगळ्या कादंबरीत लेखणी हातात असलेला तो एकटा माणूस आहे. इतके दिवस तो इतरांची पत्रे लिहितो. स्वतःचे एकही वाक्य त्याने लिहिलेले नाही. रेवाने त्याला पुस्तक द्यावे, असे मी म्हणाले होते. त्यात थोडी दुरुस्ती करते: पुस्तक आणि त्याबरोबर पेन्सिलही द्यावी.

चैत्रांगण
पेन्सिल रेवाच्या केसांत खोवलेली असू शकेल. यादीचे काम करणाऱ्या मुली तशी ठेवतात. ओढली गेली तेव्हा तीच तेवढी तिच्याबरोबर गेली.

सुरसागरकाठ
आठवडाभर मी येथे काही लिहिले नाही, कारण लिहीत होते.

तेरावे प्रकरण पूर्ण झाले. पान 208 वर, चौदावा फॉर्मा सुरू होण्याच्या आदल्या रात्री, रेवा भार्गवाला पुस्तक देते. तो दिव्याजवळ बसून स्वतःचे मरण वाचतो. त्या अडीच ओळी तो दोनदा वाचतो, आणि मरणाबद्दल बोलण्याऐवजी म्हणतो की पत्र पोहोचल्याचे यात लिहिलेले नाही. त्याचे काम पुरे झाले की नाही, हे सांगायलासुद्धा लेखक थांबला नव्हता. तेव्हा रेवाला त्याच्या कपाळावर घाम दिसतो. तो पुस्तकात नव्हता. ती आठवून पाहते, आरण्यक सर, अगदी आपण सांगितले तसे.

तिला राग येतो, आणि ती तो त्याच्यावर काढते. तो ऐकून घेतो. मग विचारतो की तिच्या जगात ती कोणाची पत्रे लिहिते. ती सांगते की ती याद्या करते. हे उत्तर लिहिताना मला रडू आले, आणि ते का आले हे मला अजून नीट सांगता येत नाही.

समासातल्या नोंदी तिला आकाशाच्या कडेला दिसतात, पहाटे थोडा वेळ, करड्या रंगात. पहिल्यापासून ती त्यांना ढग समजत होती. रावपुरा ताई, आपली परवानगी असेल तर त्यांतली एक नोंद आपल्या आजींची असावी, अशी माझी इच्छा आहे. शब्द थोडे बदलेन.

राहता राहिला दुसरा प्रश्न. रेवा परत येते. आई घरी एकटी आहे, आणि नोंदवहीतला पाचवा आकडा राहिला आहे. परंतु भार्गव पान 212 ओलांडून जिवंत आहे, आणि बारा पाने तो तिच्याबरोबर चालला आहे. शिवणीच्या दोऱ्यापाशी ती त्याचा निरोप घेते. तो पलीकडे कोऱ्यात जातो की मागे फिरतो, हे तिला दिसत नाही. ती ग्रंथालयात काचेखाली उभी असते, पुस्तक हातात असते, आणि पान 224 च्या समासात तिने पूर्वी कधी न पाहिलेल्या वळणदार मोडी अक्षरात एक ओळ असते. तिला मोडी वाचता येत नाही.

रावपुरा_वाडा
परवानगी आहे. शब्द बदलू नका.

जुनी_नोंदवही
मला मोडी येते. ती ओळ काय आहे ते मला कळवा. शाळेच्या पाटीवर गिरवल्यासारखी नव्हे, तर चिटणिसाच्या हाताची वाटेल अशी लिहून छायाचित्र पाठवतो. आणि पाचवा आकडा तिच्याकडून लिहून घ्यायला विसरू नका.